बसक्या बैलाची कादंबरी

पाद्रीसाहेबांच्या मुलीने मला फसवलं. पाद्रीसाहेबांना मी फसवलं होतं असं काही लोक म्हणतील, पण तो व्यवहार होता. भर बाजारात, दिवसाउजेडी, त्यांनी स्वतः बैलाचे दात बघून केलेला. मुलीने जे केलं ते कादंबरीत केलं, आणि कादंबरीत घुसून कुणाची गचांडी धरता येत नाही. म्हणून हे लिहिणं.

मी धंद्याने हेडी. गुरं विकत घेणारा आणि विकणारा. देगलूरकडच्या एका खेड्यातून लोकांची गुरं पायी हाकत बाजाराला नेण्यापासून सुरुवात केली. पायात वहाण नव्हती. आज उदगिरात स्लॅबचं घर आहे आणि देगलूरच्या बाजूला शेत आहे. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा घर त्यात गेलं आणि शेत पहिल्यापासून नांदेडातच आहे, त्यामुळे मला दोन जिल्ह्यांत भांडायचा अधिकार आहे. यातलं मला कुणी दिलेलं नाही. बोलून, ओढून, ताणून, कधी उठून चालायला लागून मिळवलेलं आहे.

त्या मुलीच्या, म्हणजे आताच्या बाईंच्या, कादंबऱ्या परदेशातल्या मिशनच्या जीवनावर आहेत, असं त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीमागे छापलेलं असतं. परदेश म्हणजे आमचा तालुका. कर्नाटकाच्या सीमेकडे एका गावात त्यांच्या वडिलांचं मिशन होतं: एक प्रार्थनाघर, एक दवाखाना आणि एक मोठं लिंबाचं झाड. बाई तिथेच लहानाच्या मोठ्या झाल्या. तिकडे त्यांच्या देशात लोक आमच्या धुळीचं वर्णन वाचून हळहळतात म्हणे. हळहळोत. धुळीबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार एका प्रकरणाबद्दल आहे. पण ते कळायला आधी रुमाल कळला पाहिजे.

आमच्या गुरांच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, अख्खा पंजा म्हणजे पाच, मधलं पेर दाबलं की अर्धा. शेकडे की हजार, ते जनावराकडे बघून कळतं. पटलं नाही की हात झटकायचा. पटलं की मनगट दाबायचं, आणि मनगट दाबल्यावर देव आला तरी सौदा फिरत नाही. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असतात, पण त्यांना दिसतो फक्त हलणारा रुमाल आणि दोन माणसांची तोंडं. म्हणून तोंडावर काही दिसू द्यायचं नाही.

मला हे देगलूरच्या एका चाचांनी शिकवलं. त्यांचा बाप, आजा, सगळे याच धंद्यातले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "हात कू बोलने दे बेटा. मुँह बंद रख." आणि दुसरी गोष्ट सांगितली, ती अशी की रुमालाखाली ठरलेला भाव कुणाला सांगायचा नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्याने एकदा सांगितला त्याच्या रुमालाखाली परत कुणी हात घालत नाही. मी आजवर सांगितलेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या धंद्याची माती झाली. लोक खडी फोडायला जात होते, सरकारी सुकडी खात होते, आणि गुरं मिळेल त्या भावाला विकून मोकळे होत होते. बाजारात बैलांपेक्षा बैलांच्या फासळ्या जास्त दिसायच्या. त्या दिवसांत माझ्याकडे एकच जनावर असं होतं की बघणारा थांबायचा. देवणी बैल, वानेरा, पांढरं स्वच्छ अंग आणि दोन्ही गालांवर काळा रंग. सगळ्या तालुक्याची गुरं वाळली होती आणि हा आपला गुबगुबीत. त्याचं कारण मला ठाऊक होतं. तो बसका होता.

बसका म्हणजे मानेवर जू ठेवलं, गाडी चालू लागली, की वाटेत मनाला येईल तिथे खाली बसणारा. मारा, ओढा, शेपटी पिरगाळा, बसला की बसला. त्यामुळे त्याला कुणी जुंपतच नव्हतं, आणि काम नाही म्हणून तब्येत उत्तम. मला तो जवळजवळ फुकट मिळाला होता. वैरण मात्र दोघांची खायचा.

मिशनची विहीर आटली होती. दवाखान्याला पाणी लांबून पिंपात भरून बैलगाडीने आणावं लागे, आणि त्यांच्या जोडीतला एक बैल मेला होता. पाद्रीसाहेब उदगीरजवळच्या हाळीच्या गुरांच्या बाजारात आले ते थेट माझ्यासमोर. उंच, लाल, हनुवटीवर घाम. बरोबर उसन्या आणलेल्या गाडीत मुलगी बसलेली, कॉलेज संपवून तिकडून नुकतीच परत आलेली. बोरं खात होती. दुष्काळात तिला बोरं कुठे मिळाली हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पाद्रीसाहेबांनी बैलाचे दात बघितले, खूर बघितले, पाठीवरून हात फिरवला, चालवून बघितला. मोकळा चालताना तो नवरदेवासारखा चालायचा.

"काय म्हणता?" मी विचारलं.

"बोलायचं न्हाई," पाद्रीसाहेब म्हणाले. "रुमाल काढा."

त्यांना वीस वर्षं इथे राहून बोटांचा हिशेब यायचा आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी रुमाल काढला. निळ्या चौकटीचा होता. आम्ही खाली बसलो.

आता नीट ऐका, कारण सगळं भांडण इथे आहे. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला त्या आठवड्यात नखुरडं झालं होतं. दाव्याचा काच बसून नखाशेजारी पिकलं होतं. पाद्रीसाहेबांनी पहिला भाव सांगायला नेमकं तेच बोट धरलं, आणि त्यांचा पंजा लोहाराचा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंड मी हलू दिलं नाही, चाचांची शिकवण. मग मी माझा भाव सांगितला. तो कळल्यावर पाद्रीसाहेबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. पुष्कळ वेळ आम्ही असे बसलो होतो, हात हातात, रुमाल वर, दोघांचे डोळे भरलेले. ते कमी म्हणायचे, मी झटकायचो. झटकलं की नखुरडं आणखी ठणकायचं. शेवटी त्यांनी मनगट दाबलं.

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा होता. चांगल्या वर्षात चांगल्या बैलाला आला नसता असा भाव मी दुष्काळात बसक्या बैलाला घेतला. आणि हे सांगायला कुणी नाही! घरी गेलो, बायको म्हणाली, "काय आलं?" मी म्हणालो, "आलं ते आलं." तिने पिठलं वाढलं. असला तो आनंद.

पुढच्या बाजाराला पाद्रीसाहेब आले.

"तुमी मला बसका दिला."

"साहेब, तुमी दात बगितले, खूर बगितले. बसतो का म्हणून इचारलं का?"

ते एवढ्या मोठ्याने हसले की शेजारची म्हैस दचकली. मी या माणसाला त्या दिवसापासून मानलं. रडला नाही, बैल परत घ्या म्हणाला नाही. उलट त्यांनी एक युक्ती काढली. बैल बसला की ते त्याच्या कानाशी जाऊन प्रार्थनेची गाणी म्हणत. त्यांचा आवाज असा होता की बैल दुसऱ्या कडव्याच्या आत उठायचा आणि मिशनपर्यंत थांबायचा नाही. फाटकात पोचला की परत गुडघे टेकून बसायचा. ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

दुष्काळ सरला. पाद्रीसाहेब म्हातारे होऊन आपल्या देशी गेले आणि तिथेच वारले असं कळलं. मला वाईट वाटलं. चांगलं गिऱ्हाईक होतं.

वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला. कचेऱ्यांच्या पाट्या नव्याने रंगवल्या गेल्या, आणि त्या वाळायच्या आत परत पाऊस लांबला, टँकर फिरायला लागले. त्याच सुमाराला लातूरच्या एका प्राध्यापकांनी बाईंची एक कादंबरी मराठीत आणली. माझ्या सुनेने ती वाचनालयातून घरी आणली आणि दिवेलागणीला स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायला बसली. मी ओट्यावर सुपारी कातरत होतो.

"मामा," आतून सून म्हणाली, "यात तुमी हाव."

"मी कसा असंल?"

"हेडी हाय, देवणी बैल हाय, दुष्काळ हाय. ऐका तर." आणि तिने वाचलं: "'त्या व्यापाऱ्याच्या खडबडीत हातात माझ्या पित्याचा हात विसावला. एका साध्या वस्त्राखाली दोन धर्म एकमेकांना भेटले. दोघेही निःशब्द होते. दोघांचेही नेत्र अश्रूंनी डबडबले होते.'"

बायको चुलीपासून म्हणाली, "कोन्तं वस्त्र?"

"त्यो निळ्या चौकटीचा," मी म्हणालो.

"त्यानं तर तुमी नाक पुसायचे."

"पुढं वाच," मी सुनेला म्हणालो.

"'अखेर तो उठला. बैलाचा कासरा त्याने माझ्या पित्याच्या हाती दिला आणि म्हणाला, घेऊन जा. तहानलेल्या लेकरांसाठी मी मोल घेत नाही.'"

अडकित्ता माझ्या हातातून पडला. मोल घेत नाही! मी! सून पुढे वाचतच होती. बैल मिशनच्या फाटकात येतो, प्रार्थनाघराकडे बघून गुडघे टेकतो, गाव थक्क होतं. बायको एवढी हसली की तिची भाकरी करपली. आमच्या घरात भाकरी करपण्याची ती पहिलीच वेळ असेल.

"अवो दानशूर," दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "दळण आणायचं हाय. गिरणीवाल्याला म्हणा, मोल न्हाई देत."

घरचं घरात राहिलं असतं तर मी गिळलं असतं. पण प्राध्यापकांनी पेपरात लेख लिहिला, त्यात तो हेडी अजून उदगिरात आहे असं लिहिलं, आणि बाजारात जे सुरू झालं त्याला माझ्या धंद्यात तोड नाही. औशाकडचा एक शेतकरी आला. त्याने गाय निवडली, मी रुमाल काढला, तर तो हातच पुढे करेना. हात जोडून उभा. "तुमी काय बोलाल ते. देवमाणूस तुमी." अशा माणसाशी भाव कसा करायचा? त्याच्याशी भांडायचं तर धरायला कोपराच नाही. शाळेचे, मशिदीचे, विहाराचे, हनुमानाचे, सगळे पावतीपुस्तकं घेऊन माझ्या दारात. पलीकडच्या रांगेतला हेडी, ज्याला मी वीस वर्षं पाणी पाजलं, तो लांबून ओरडायचा, "ओ संत! हिकडं बी नजर टाका!"

एकाने तर कहर केला. निलंग्याकडचा होता. रुमालाखाली माझा हात घेतला आणि नुसता धरून बसला. बोट धरत नाही, पेर दाबत नाही.

"काय करून राहिले?" मी विचारलं.

"काय न्हाई. जरासा धरतो."

"कशाला?"

"पुस्तकात लिवलंय म्हणं. असं धरून बसलं की तुमी देता."

मी त्याला काय बोललो ते छापता येणार नाही. पण बोलून उपयोग नव्हता. पूर्वी माझ्यासमोर रुमाल पडला की समोरच्याच्या तळहाताला घाम सुटायचा. तो घाम म्हणजे माझी कमाई होती, स्लॅबचं घर त्या घामावर उभं आहे. आता लोकांचे हात कोरडे असायचे. लोकांना वाटणारी माझी भीती गेली होती, आणि भीती गेलेल्या हेड्याला बाजारात दावणीच्या खुंट्याएवढीही किंमत नसते.

एक उपाय होता. तो भाव उघड सांगायचा. सांगितला असता तर अर्धा तालुका माझ्या पाया पडला असता, वेगळ्या कारणासाठी. मी देगलूरला चाचांकडे गेलो. ते खाटेवर पडून होते, नजर गेलेली, पण सगळं ऐकून होते. नातवाने वाचून दाखवलं होतं म्हणे.

"सांगू का चाचा?"

"क्या?"

"भाव."

चाचांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं विचार करताहेत. मग कळलं की हसू दाबताहेत. "बोल दे," ते म्हणाले. "फिर कल से भजन कर. रुमाल मेरे कू वापस दे दे." आणि मग म्हणाले, "लेकिन बेटा, मेरे कू बता. कितना लिया था?"

मी त्यांनाही सांगितलं नाही. त्यावर ते खूश झाले.

म्हणजे असं बघा. खरं सांगावं तर धंदा जातो, आणि न सांगावं तर इज्जत. बाईंनी मला अशा जागी नेऊन बांधलं होतं की दोन्हीकडून दावं आखूड.

जिल्हा झाल्यावर लातुरात सत्कारांचा हंगाम आला होता. कुणाचाही सत्कार होत होता. त्यात प्राध्यापकांनी पत्र घालून बाईंनाच बोलावलं. मी सकाळच्या एसटीने गेलो. खिशात तोच निळ्या चौकटीचा रुमाल, बायकोने धुऊन दिलेला. मनात ठरवलं होतं की भर सभेत उभं राहायचं आणि विचारायचं: मी बैल फुकट दिला हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सभागृहात पंखे होते, वीज नव्हती. प्राध्यापक बोलत होते: "या मातीतली करुणा... दुष्काळातही न आटणारा झरा..." बाहेर टँकरजवळ बायकांची हंड्यांवरून भांडणं चालली होती, तीच बरी ऐकू येत होती. बाई व्यासपीठावर बसल्या होत्या. तिशी ओलांडलेल्या असतील. बापासारख्याच उंच, तशाच लाल, खांद्यावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ. मी उभा राहिलो.

"मला इचारायचंय!"

प्राध्यापकांनी डोळे बारीक केले. "आपण?"

"ज्याचा बैल, त्यो!"

त्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला बोलूच दिलं नाही. चार जणांनी धरून वर नेलं. गळ्यात हार घातला. एक बाई डोळे पुसत माझ्या पाया पडल्या. मी तोंड उघडलं की टाळ्या, मिटलं की टाळ्या.

बाई उठून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं होतं इंग्रजी बोलतील. पण त्या म्हणाल्या, "काय काका, बराय का? नखुरडं बरं झालं का तुमचं?"

प्राध्यापकांचं पुस्तकी मराठी ऐकून कान किटले होते, आणि ही गोरी बाई आमच्या बाजारातलं बोलत होती.

"नखुरडं म्हाईत हाय तुमाला?"

"हाव. गाडीतून दिसत हुतं की. केवढं सुजलं हुतं."

"मंग पुस्तकात अश्रू कशाचे लिवले?"

"कादंबरी हाय हो काका ती. नखुरडं कसं लिवायचं?"

"माझं नाव खराब केलं तुमी."

"नाव तर दुसरंच घातलंय म्या."

"बैल तर त्योच हाय! बैलावरून सगळे वळखतात."

लोक खाली कान टवकारून बघत होते, ऐकू काही जात नव्हतं. बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "मंग सांगा, खरं काय हुतं? किती घेतलं बाबांकडनं?"

"तोंडानं सांगत न्हाई मी."

बाईंनी खांद्यावरची शाल काढली आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकली. मी हात पुढे केला. शालीखाली त्यांनी माझी बोटं धरली, मला संधीच न देता. आधी इतकी, मग इतकी, मग मधलं पेर. तोच भाव. पै न् पै तोच. त्या दिवसापासून पाद्रीसाहेब आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसलेला.

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. तोंडानं न्हाई सांगितला त्यांनी बी. लई आजारी हुते तवा. चादरीखाली माझा हात घेतला आन् भाव सांगितला. आन् मंग हसले, हसले, इतके हसले की नर्स धावत आली."

आता सांगतो ते खरं आहे: म्हैस दचकवणारं ते हसू मला परत ऐकू आलं. पाद्रीसाहेबांनी नियम मोडला नव्हता. हाताने सांगितलं होतं. पण मी लगेच सावध झालो, कारण जुन्या आठवणीवर सौदा होत नाही.

"म्हंजे तुमाला ठाऊक हुतं," मी म्हणालो. "ठाऊक असून मला फुकट वाटणारा केलं?"

"मंग काय करू? तिकडं बाबांना सगळे लई शहाणा माणूस म्हणतात. मिशनच्या पैशानं, दुष्काळात, त्या भावानं बसका बैल घेतला, असं लिवू? सगळे हसले असते त्यांना."

"म्हणून माझं हसं केलं?"

"तुमाला कुठं हसले? तुमाला तर हार घालून राहिले."

"मला हार नको! बापाची अब्रू राखायला तुमी माझी विकली. आन् ती बी फुकट!"

बाईंनी हातांवरची शाल सारखी केली. मग म्हणाल्या, "काय पायजे तुमाला?"

मी म्हणालो, पुढच्या वेळी छापाल तेव्हा दुरुस्त करा. अख्खं प्रकरण बदलायला त्या तयार नव्हत्या. मग म्हणालो, शेवटी पानं जोडा माझ्याबद्दल. किती? मी शालीखाली पंजा धरला: पाच. त्यांनी एक बोट. मी हात झटकला. त्या दोनवर आल्या. मी चारवर आलो. बापाचाच पंजा होता तो. त्यांनी दाबला की माझ्या म्हाताऱ्या सांध्यांतून कळ डोक्यात जायची. डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याही आलं, कारण मीही दाबत होतो. दोन बोटं आणि एक मधलं पेर यावर त्यांनी मनगट दाबलं. अडीच पानं. मला वाटलं मी जिंकलो.

आणि त्याच क्षणी फोटोवाल्याचा दिवा लखलखला. खाली सभागृहात लोक रडत होते. प्राध्यापक माईकवर म्हणाले, "तेच वस्त्र! तेच अश्रू!" मी ओरडून सांगत होतो की हा सौदा आहे. माईक त्यांच्याकडे होता.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लिहितानाही माझं डोकं तापतं. नवी आवृत्ती आली. बाई शब्दाच्या पक्क्या. शेवटी बरोबर अडीच पानं जोडलेली. सुनेने वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की बाई त्या थोर हेड्याला पुन्हा भेटल्या, तो वृद्ध झाला आहे, आणि इतका नम्र आहे की आपल्या दानाचा उल्लेखही त्याला सहन होत नाही. 'तो मला म्हणाला, मला हार नको.' हे वाक्य मी बोललो होतो, नाकारता येत नाही. 'बैलाचं मोल विचारलं असता त्याने तोंडाने उत्तर दिलं नाही, फक्त हात पुढे केला.' हेही झालं होतं. अडीच पानांत एक शब्द खोटा नाही, आणि पूर्वी मी फक्त दानशूर होतो तो आता नम्रही झालो. मुखपृष्ठावर फोटो: शाल, बाई, मी, चारही डोळ्यांत पाणी.

बायको भाकरी थापत होती. या वेळी हसली नाही. म्हणाली, "पानं किती ते ठरवलं तुमी. पानावर काय लिवायचं ते इचारलं का?"

मी अडकित्ता शोधायला लागलो.

"पाद्रीसाहेबांनी बी दात बगितले हुते," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्या दिवशी मी तिच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोललो नाही. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. बैल बसका आहे हे बाजारात निम्म्या लोकांना ठाऊक होतं; कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. कादंबरी बसकी आहे हे मी कुणाला विचारणार होतो?

मी लातूरला प्राध्यापकांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "मी फक्त अनुवादक." त्यांनी चहा पाजला, आणि मला कळायच्या आत मुखपृष्ठावर माझी सही घेतली. छापणाऱ्याकडे गेलो, तो म्हणाला, "आम्ही फक्त छापतो," आणि एका वसतिगृहासाठी वर्गणी मागितली. बाईंना सुनेकडून पत्र लिहवून घेतलं. उत्तर म्हणून त्यांनी एक सुंदर निळा रुमाल पाठवला. रेशमी आहे. बायकोने तो देवाच्या फोटोवर घातला.

मी आजही दर बाजाराला हाळीला जातो, चिंचेखाली बसतो. लोक येतात, हात जोडतात, पोरांच्या डोक्यावर माझा हात ठेवून घेतात आणि खरेदी पलीकडच्या रांगेत करतात. भाव मी अजून कुणाला सांगितलेला नाही आणि सांगणार नाही. तो पाद्रीसाहेबांचा आणि माझा आहे, आणि आता नाइलाजाने त्यांच्या मुलीचा. पण माझा धंदा बसवला कुणी, याचं उत्तर मला पाहिजे. लिहिणाऱ्या बाई, तुम्ही देता? की अनुवादक देणार? की छापणारा? तिघांनी आपसात ठरवा आणि एकाने समोर यावं. नुकसान भरून द्या असं मी म्हणत नाही. किती झालं ते मोजायला बसलो तर तुम्हाला परवडणार नाही. फक्त हाळीच्या बाजारात, पन्नास माणसांसमोर, चिंचेखाली उभं राहून मोठ्याने सांगा की हा माणूस फुकट काही देत नाही, त्याने कधी दिलेलं नाही, आणि त्या बैलाचं त्याने पुरेपूर घेतलं.

तोंडाने सांगा. या वेळी रुमाल नाही.